टाचेमागचं दुखणं आणि आल्फ्रेडसनचा व्यायाम: आठ-नऊ महिने करून पाहिल्यानंतर

पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं. दोन्ही टाचा वर उचलायच्या, चांगला पाय काढून घ्यायचा आणि सगळा भार दुखऱ्या पायावर घेत टाच सावकाश पायरीच्या पातळीखाली न्यायची. वर येताना पुन्हा चांगल्या पायाची मदत घ्यायची. असं 15 वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून. मग तेवढंच गुडघा थोडा वाकवून. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, म्हणजे दिवसाला 180 वेळा. आठवड्याचे सातही दिवस, 12 आठवडे. ॲकिलीस टेंडनच्या, म्हणजे टाचेमागच्या जाड शिरेच्या, जुनाट दुखण्यावरचा हा व्यायाम स्वीडनच्या डॉ. हाकन आल्फ्रेडसन यांच्या नावानं ओळखला जातो. मी तो एप्रिलपासून करते आहे. फिजिओकडे बसलेल्या पाच जणांत दोघं तरी याच दुखण्याचे दिसतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. वय पंचेचाळिशीच्या पुढे. बरीच वर्षं पहाटे कमाटीबागेत धावते, हाफ मॅरेथॉन झाल्या आहेत, पूर्ण 42.195 किलोमीटर अजून व्हायचं आहे. त्यासाठी 2024 च्या पावसाळ्यात तयारी सुरू केली होती. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. समा भागात नणंदेच्या घरात पाणी भरलं होतं, पुढचे कितीतरी दिवस चिखल काढण्यात आणि सामान वाळवण्यात गेले. बागही बंद होती. दिवाळीनंतर पुन्हा नेटानं लागले आणि थंडीत अंतर वाढायला लागलं तशी उजवी टाच धरायला लागली.

सुरुवात सकाळची होती. पलंगावरून उतरलं की पहिली दहा-बारा पावलं भिंत धरून टाकावी लागायची. स्वयंपाकघरात पोचून चहाचं आधण ठेवेपर्यंत पाय मोकळा व्हायचा. धावायला लागलं की पहिला किलोमीटर दुखायचं, मग थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुप्पट. हाताला शीर चिमटीत धरून पाहिली तर टाचेच्या हाडापासून चार बोटं वर एक जाडसर गाठ लागत होती, दाबली की जीव जायचा.

एका डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. ती मी इमानदारीनं घेतली. दुखणं गेलं आणि पहिल्याच धावण्यात परत आलं. पुन्हा विश्रांती, पुन्हा तेच. दुसऱ्या ठिकाणी स्टेरॉइडचं इंजेक्शन सुचवलं गेलं. या टेंडनपाशी स्टेरॉइड दिलं तर तो तुटण्याची भीती असते, त्यामुळे घरात सगळ्यांनीच नको म्हटलं. माझे सासरे तरुणपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात जाणारे, माणिकरावांच्या आखाड्यातले. ते म्हणाले, "सूनबाई, दुखतंय म्हणून पाय गादीवर ठेवून तो बळकट कसा होईल? कमी कर, पण बंद नको करूस." नंतर फिजिओ ताईंनी तेच शास्त्रासकट सांगितलं तेव्हा सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या शास्त्रातला मला समजलेला भाग असा. अशा जुनाट दुखण्यात सूज हा मुख्य प्रकार नसतो, म्हणूनच हल्ली 'टेंडिनायटिस' म्हणत नाहीत, 'टेंडिनोपथी' म्हणतात. टेंडन हा वळलेल्या दोरासारखा, सरळ ओढीनं बसलेल्या तंतूंचा असतो. झेपेल त्याहून जास्त भार पुन:पुन्हा पडला की त्या तंतूंची मांडणी विस्कटते आणि तो भाग जाड होतो. विश्रांतीनं वेदना कमी होते, पण त्याची भार पेलायची ताकदही उतरते. ती ताकद परत यायला भारच द्यावा लागतो, मात्र बेतानं आणि हळूहळू. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, टेंडनला महिने लागतात. आपण फसतो ते इथेच: पोटरी तयार झालेली असते, दम टिकत असतो आणि टाच मागे राहिलेली असते.

आल्फ्रेडसन स्वतः हाडांचे शल्यचिकित्सक आणि धावणारे. त्यांची टाच दुखत होती आणि वरिष्ठांनी ऑपरेशनला नकार दिला, तेव्हा टेंडन तुटला तर ऑपरेशन करावंच लागेल म्हणून त्यांनी त्यावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली आणि तो बरा झाला, अशी गोष्ट सांगतात. 1998 साली त्यांनी 15 हौशी खेळाडूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, ते सगळे 12 आठवड्यांनी पुन्हा धावू लागले होते. तेव्हापासून पायरीवरचा हा व्यायाम जगभर गेला.

आता माझा अनुभव.

पहिले दोन-तीन आठवडे त्रासाचे. व्यायाम करताना दुखतं, ते दुखणं धरूनच करायचं असतं, फक्त असह्य होऊ द्यायचं नाही. पोटऱ्या इतक्या आखडल्या की सुरसागरच्या काठानं चालत जातानासुद्धा जाणवायचं. या टप्प्यावर बरेच लोक सोडतात असं फिजिओ ताई म्हणाल्या, आणि मला ते पटलं, कारण बरं वाटतंय असं काहीच दिसत नाही. सकाळची भिंत तशीच. साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक दिवस चहा उकळायला लागल्यावर लक्षात आलं की आज भिंतीला हात लागलाच नाही. तिथून पुढे सुधारणा हळू पण खरी.

आमच्या वाड्याच्या जिन्याची पायरी या कामाला उत्तम निघाली. लाकडी, कड बोथट झालेली, बाजूला कठडा. गुळगुळीत फरशीची पायरी घेऊ नका, चवडा घसरतो. बूट घालून करा, अनवाणी करू नका. कठड्याला बोटं नुसती टेकवायची, लटकायचं नाही. आणि खाली जाण्याचा वेग: मनात सावकाश तीन आकडे. घाईत 15 उरकले तर त्याचा उपयोग निम्माही होत नाही, हे मी आजही स्वतःला बजावते, कारण संध्याकाळी कुकरची शिट्टी आणि फेऱ्या एकाच वेळी चालू असतात.

शरीराच्या वजनावर दुखेनासं झालं की भार वाढवायचा असतो. त्यासाठी मुलाचं जुनं दप्तर काढलं, त्यात तांदळाच्या दोन किलोच्या पिशव्या. आधी एक, मग दोन, मग तीन. दप्तराचे पट्टे आखूड करून ते पाठीला घट्ट बसलं पाहिजे, लोंबकळलं तर कंबर धरते. सगळा खर्च मिळून काय, तर फिजिओची फी आणि बुटात टाचेखाली घालायची सेंटीमीटरभर जाडीची सिलिकॉनची गादी. ती गादी सुरुवातीच्या काळात फार कामी आली, टाच उंच राहिली की शिरेवरची ओढ कमी होते. पण ती दोन्ही बुटांत घालायची, एकात नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आल्फ्रेडसनच्या पद्धतीतली नाही. ती स्वीडनच्याच कॅरिन सिल्बरनागेल यांच्या कामातून आली. दुखण्याला 0 ते 10 गुण द्यायचे. धावताना 5 पर्यंत दुखलं तरी चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे, आणि आठवड्यामागून आठवडा सकाळचा ताठरपणा वाढत जाता कामा नये. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हा नियम पाळून धावत राहिलेले लोक आणि सुरुवातीचे आठवडे धावणं थांबवलेले लोक, दोघेही सारखेच सुधारले. फिजिओ ताई दर वेळी एवढंच विचारायच्या: "बेन, थोडुं दुखे तो चाले, पण बीजे दिवसे सवारे केवुं हतुं ए कहो." म्हणजे, थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कसं होतं ते सांगा. मी फ्रिजवर एक कागद लावला आणि रोज सकाळी चहा होईपर्यंत एक आकडा लिहायला लागले. धावण्याच्या ॲपमधला कुठलाही आलेख मला या कागदाइतका उपयोगी पडला नाही.

त्याची खरी परीक्षा नवरात्रात झाली. बडोद्यात राहून नवरात्रात गरबा न करणं म्हणजे घरात असून सणाला उपाशी बसणं. आणि गरबा अनवाणी, दोन-तीन तास, चवड्यांवर गिरक्या. ताईंना विचारलं. त्या स्वतः बडोद्याच्या, त्यांनी नाही म्हटलं नाही. एका रात्री जायचं, मऊ तळाचे बूट घालून, तासभर, आणि सकाळचा आकडा बघून पुढचं ठरवायचं. पहिल्या रात्रीनंतर कागदावर 2 आला. एक रात्र सोडून पुन्हा गेले, जरा जास्त वेळ थांबले, सकाळी 4. मग दोन रात्री मैदानाच्या कडेला बसून टाळ्या वाजवल्या, आकडा खाली आला, अष्टमीला पुन्हा उतरले. त्या आठवड्यात धावणं पूर्ण बंद ठेवलं होतं, कारण गरबा हेच त्या आठवड्याचं धावणं होतं. आधीसारखं अंदाजानं चालवलं असतं तर एक तर नऊही रात्री घरी बसले असते, नाही तर दसऱ्याला लंगडत असते.

धावण्याकडे परतताना जेफ गॅलोवे यांची धाव-चाल पद्धत धरली. हे 1972 च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकन धावपटू. सुरुवातीला मिनिटभर धाव, दोन मिनिटं चाल. मग दोन-दोन, मग तीनाला एक. कमाटीबागेत काळ्या घोड्याच्या बाजूनं शिरून मातीच्या कडेनं फेऱ्या. ओळखीचे लोक "काय हो वहिनी, दमलात का?" म्हणून विचारत पुढे जायचे. बागेतून बाहेर पडून राजमहाल रोडनं जायला लागले तो दिवस मला फार आनंदाचा वाटला. एकच पथ्य कडक पाळलं: अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत.

आता जे आवडलं नाही ते. दिवसाला 180 हा आकडा नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या माणसासाठी जड आहे. प्रवासात, पाहुणे आले की, लग्नघरात, तो पाळला जात नाही आणि मन खट्टू होतं. मला आधी सांगितलं गेलं असतं तर बरं झालं असतं अशी एक गोष्ट म्हणजे जड वजनानं सावकाश करायचा दुसरा पर्याय. तो आठवड्यातून तीनच दिवस असतो. 2015 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी दोन्हींची तुलना केली, गुण सारखाच आला आणि जड-सावकाश पद्धतीवर लोक जास्त खूश होते. जिमला जाणाऱ्यांनी फिजिओला त्याबद्दल नक्की विचारावं. दुसरं म्हणजे या व्यायामात उडी नाही. धावणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्याच. त्यामुळे 12 आठवडे संपले की थेट वेगानं धावता येतं असं नाही. मधे दोरीच्या हलक्या उड्या, चवड्यांवर चालणं, एका पायावर टाच उचलणं हे सगळं करावं लागलं. एका पायावर सलग 25 वेळा टाच पूर्ण उचलता येईपर्यंत ताईंनी मला वेगाचं धावणं दिलं नाही.

कुणी हा असाच करू नये, तेही सांगते. दुखणं शिरेच्या मधल्या भागात, टाचेच्या हाडापासून साधारण 2 ते 6 सेंटीमीटर वर असेल तर पायरीवरचा प्रकार ठीक. शीर हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल, तर टाच पायरीखाली नेल्यानं ती हाडावर दाबली जाते आणि त्रास वाढू शकतो, त्यांनी सपाट जमिनीपर्यंतच खाली यावं. माझ्या मैत्रिणीचं दुखणं तिथलं होतं आणि तिला जमिनीवरच्या प्रकारानं आराम पडला. धावताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून पाय गेला असेल तर व्यायाम वगैरे काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पालथं झोपवून पोटरी दाबतात, पाऊल हललं नाही तर टेंडन तुटला असं समजतात. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची प्रतिजैविकं घेतली असतील तर तेही सांगा. या औषधांनी टेंडन दुखावू शकतो, तुटूसुद्धा शकतो, आणि आपल्याकडे जुलाबाला नाही तर लघवीच्या जळजळीला ती सर्रास घेतली जातात.

आजची स्थिती अशी: गाठ हाताला अजून लागते, पण दाबली तर दुखत नाही. गाठ पूर्ण जाईलच असं नाही आणि तिच्यावरून सुधारणा मोजू नये, असं ताई म्हणाल्या. सकाळचा आकडा बहुतेक 0, लांब धावलं की दुसऱ्या दिवशी 1. हाफ मॅरेथॉनएवढं अंतर तीनाला एक या हिशोबानं दोनदा झालं आहे, नवलखी मैदानापासून निघून परत तिथेच. पूर्ण अंतराची तयारी आता 28 किलोमीटरच्या धावण्यापर्यंत न्यायची आहे, दर तिसरा आठवडा हलका ठेवून. 180 वरून मी आता आठवड्यातून तीन दिवस, दप्तरात आठ किलो, यावर आले आहे आणि शर्यतीपर्यंत तेच चालू ठेवणार आहे. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात दप्तर बाजूला ठेवून फक्त शरीराच्या वजनावर करायचं असं ठरलं आहे.