इंग्रजीच्या मास्तरांनी दुबई गाठावी की थायलंड?

रत्नागिरी-चिपळूणकडच्या घरांना आखात नवं नाही. त्यामुळे बी.एड. झालेल्या इंग्रजी शिक्षकाची पहिली नजर दुबईकडेच जाते. तिथल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत काम ओळखीचं असतं: तेच धडे, तेच पेपर तपासणं आणि वर्गात निम्मी मल्याळी पोरं. पगारावर आयकर नाही. घरभाडं मात्र घाम काढतं. पदवीवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास असे शिक्के मारून घेण्यात बरेच दिवस जातात, तेव्हा ते काम आधी उरकावं.

थायलंडचं गणित वेगळं. पोरांना इंग्रजी परकी, म्हणून फळ्यापेक्षा त्यांना बोलतं करण्यावर भर. भारतीयांकडे बहुधा टोइक किंवा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण मागतात, आणि काही जाहिराती गोऱ्या चेहऱ्यासाठीच असतात, हे कटू असलं तरी खरं. पगार दुबईपेक्षा कमी, पण जगणंही स्वस्त.

सुट्ट्यांत मात्र थायलंड बाजी मारतं. तिथे मोठी सुट्टी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. म्हणजे हापूसची पेटी घरीच फुटते, शिमगाही जमला तर जमला. दुबईची सुट्टी जुलै-ऑगस्टात, आपल्याकडे धो धो पाऊस असताना. गणपतीला दोन्हीकडून रजाच टाकावी लागते.

कर्ज फेडायचं असेल तर मी दुबईच म्हणेन. थायलंडला जाणाऱ्यांनी ‘आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवावं. शिकवायला नॉन-बी व्हिसा आणि वर्क परमिट लागतं.