घारापुरीच्या तोफेपर्यंत चढाच, पण पाणी खालूनच न्या

घारापुरीला याआधी मी तीनदा गेलो होतो. तिन्ही वेळा लेणी बघितली, काकडी खाल्ली आणि उतरलो. वर तोफा आहेत हे ऐकून होतो. पण गेटवेपासून तासभर लाँच, मग धक्क्यापासून शंभराच्या वर पायऱ्या. त्यापुढे आणखी टेकडी कोण चढतो! या खेपेला नात हटूनच बसली.

लेण्यांपासून वर तिला वीस मिनिटं लागली, माझ्या गुडघ्यांना पस्तीस. वाट रुळलेली आहे, झाडी असल्यामुळे ऊन निम्मंच लागतं. वर इंग्रजांच्या काळातल्या दोन तोफा. एवढं अवजड लोखंड इथवर चढवलं कसं, याचाच मी विचार करत होतो. नळीवर मात्र बदाम काढून नावं कोरलेली. कोरणाऱ्यांना या उन्हात दिवसभर तिथेच बसवायला हवं.

पण पैसे वसूल होतात ते समोरच्या पाण्यावर. पोस्टकार्डातला निळा समुद्र नव्हे हं. पाणी मातकट, जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, धुरकटलेली मुंबई, आणि मध्ये नांगरलेली जहाजं. माझी नोकरी गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजदाद ठेवणारा कारकून, म्हणून गेली, त्यामुळे मला यासारखा देखावा नाही. १९८९ला पलीकडे न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं आणि आमचं काम हळूहळू तिकडे सरकलं. ते असो.

नातीने विचारलं, "आजोबा, सगळी जहाजं एकाच बाजूला तोंड करून का उभी?" म्हटलं, भरतीमुळे. पाणी आत शिरत असलं की नांगरावरचं जहाज तोंड समुद्राकडे करतं, ओहोटीला खाडीकडे. रिकामं जहाज उंच दिसतं, तळाचा तांबडा पट्टा उघडा पडतो. भरलं की तो बुडतो. तिने लगेच रिकामी मोजायला घेतली. आम्ही बसलो होतो तेवढ्यात पाणी फिरलं, आणि एक तेलवाहू जहाज इतकं सावकाश वळायला लागलं, की ते वळतंय हे पटायलाच तिला दहा मिनिटं लागली.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो पाण्यासाठी: त्या दिवशी वर विकणारं कुणी नव्हतं, आणि आमची एकुलती बाटली माकडाने हातातून ओढून, झाकण दातांनी उघडून, आमच्यासमोर प्यायली. काठी घेऊन जा. सोमवारी लेणी बंद असतात. परतीची शेवटची लाँच किती वाजता, ते उतरल्या उतरल्या विचारून ठेवा.

खाली आलो तेव्हा धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडला होता. धक्का एवढा लांब कशाला बांधला, ते मी सांगायच्या आत नातीनेच मला सांगितलं.