दोन-फोटॉन दृष्टीसाठी लेसर: टायटॅनियम-सफायर घ्यावा की ट्यून होणारा फायबर?

१००० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सलग सोडला तर माणसाला जेमतेम दिसतो, तोही अंधुक लालसर. तोच प्रकाश फेमटोसेकंदाच्या (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दशलक्षावा भाग) पल्समधून, म्हणजे अतिआखूड झोतांमधून आला की हिरवा दिसतो. दोन फोटॉन रंगद्रव्याच्या एकाच रेणूत एकाच वेळी शोषले जातात आणि त्यांची मिळून ऊर्जा ५०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनइतकी भरते. अमेरिकेत क्लीव्हलंडला क्रिश्तॉफ पाल्चेव्स्की आणि पोलंडमध्ये तोरुनला माचेय वोइत्कोव्स्की यांच्या गटांनी मिळून २०१४ साली हे मानवी डोळ्यावर दाखवून दिलं. तेव्हापासून या विषयात उतरणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेपुढे पहिला प्रश्न असतो तो लेसरचा.

टायटॅनियम-सफायरची पुण्याई मोठी आहे. पीटर मोल्टन यांनी १९८२ मध्ये टायटॅनियम मिसळलेल्या सफायर स्फटिकाचा हा लेसर एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत चालवून दाखवला, आणि ट्यून होणारा, म्हणजे तरंगलांबी बदलता येणारा, फेमटोसेकंद लेसर म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर अजूनही तोच येतो. साधारण ७०० ते १००० नॅनोमीटरपर्यंत तो फिरतो आणि त्याचा जोर ८०० च्या आसपास असतो. या कामापुरती अडचण नेमकी तिथेच आहे. ९०० च्या अलीकडे डोळा तो प्रकाश नेहमीच्याच, एका फोटॉनच्या वाटेने लाल म्हणून पाहतो. दोन-फोटॉन दृष्टी ठळक होते ती त्यापुढे, म्हणजे जिथे या लेसरची शक्ती उतरत जाते तिथे. पैसे मोजायचे पूर्ण पट्ट्याचे आणि वापरायचं त्याचं शेपूट. शिवाय ऑप्टिकल टेबल, पाण्याचं कूलिंग आणि खोलीचं काटेकोर तापमान लागतं ते वेगळंच.

ट्यून होणारा फायबर लेसर दुसऱ्या टोकाकडून येतो. अर्बियमच्या फायबरमधून १५६० नॅनोमीटरची पल्स निघते. खास फायबरमधून जाताना रामन परिणामामुळे ती आपल्याच आखूड तरंगलांबीच्या भागातली ऊर्जा लांब तरंगलांबीकडे देत जाते आणि अख्खी पल्स सरकते. सॉलिटॉनचं, म्हणजे आकार टिकवून धावणाऱ्या पल्सचं, हे सरकणं बेल लॅब्जमध्ये १९८६ साली दिसलं होतं. आत जाणारी शक्ती वाढवली की पल्स जास्त सरकते, त्यामुळे ट्यूनिंगला आरसे हलवावे लागत नाहीत. १८०० ते २१०० पर्यंत सरकलेली पल्स लिथियम नायोबेटच्या स्फटिकातून नेली की वारंवारता दुप्पट होते आणि हाती ९०० ते १०५० नॅनोमीटर येतात. म्हणजे हवा तोच पट्टा. रंगाची जाण तरंगलांबीगणिक कशी बदलते हे मोजायचं असेल तर माझा कौल निःसंशय याला आहे.

मात्र याच्या दोन गोष्टींवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. स्फटिकात दुपटीबरोबर थोडी तिसरी आणि चौथी हार्मोनिकही (मूळ वारंवारतेच्या तिप्पट आणि चौपट वारंवारतेचा प्रकाश) तयार होते. १८०० साठी ती ६०० आणि ४५० नॅनोमीटरवर येते, म्हणजे चक्क दृश्य प्रकाश. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला त्याचा अत्यंत क्षीण अंशही पुरतो, आणि मग समोरची व्यक्ती जे पाहते ते दोन-फोटॉन आहे की गळती, हेच कळत नाही. म्हणून फिल्टरमध्ये काटकसर करू नये आणि वर्गाची चाचणी रोज घ्यावी: शक्ती निम्मी केल्यावर दिसणारी तेजस्विता एक-चतुर्थांश व्हायला हवी. ती निम्मीच झाली तर गळती शोधावी. दुसरी गोष्ट अशी की ट्यून करताना पल्सची लांबीही बदलते. प्रत्येक तरंगलांबीवर ती मोजली नाही, तर तरंगलांबीनुसार संवेदनशीलता दाखवणाऱ्या वक्रातला चढउतार डोळ्याचा की लेसरचा हे ठरवता येणार नाही.

पल्स शक्य तितकी आखूड हवी, हा आग्रह सोडून द्या. डोळा सुमारे २४ मिलीमीटर लांब आणि बहुतांशी पाणीच. ८०० नॅनोमीटरला त्याचं डिस्पर्शन, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने जाऊन पल्स पसरवण्याचं माप, साधारण ६०० फेमटोसेकंद-वर्ग भरतं. १०० फेमटोसेकंदाच्या पल्सला त्याने जेमतेम धक्का लागतो, पण २० फेमटोसेकंदाची पल्स दृष्टिपटलावर पोहोचेपर्यंत ८० च्या पुढे फुगते. जास्त फरक पडतो पल्सच्या दराने, म्हणजे सेकंदाला किती पल्स येतात त्याने. सरासरी शक्ती तीच ठेवून दर ८० मेगाहर्ट्झवरून १० वर आणला तर दोन-फोटॉन शोषण आठपट होतं. तेवढीच तेजस्विता मग सुमारे २.८ पट कमी शक्तीत मिळते, आणि माणसाच्या डोळ्यावर काम करताना याहून मोलाचं काही नाही. फायबर लेसरमध्ये असा दर मिळवणं टायटॅनियम-सफायरपेक्षा खूप सोपं असतं. अर्थात प्रत्येक पल्सची ऊर्जा वाढते, म्हणून सुरक्षेच्या मर्यादा सरासरी शक्तीसाठी आणि एकेका पल्ससाठी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

सुपरकंटिन्यूमला, म्हणजे एकाच वेळी खूप रुंद पट्टा देणाऱ्या लेसर प्रकाशाला, फिल्टर लावून भागेल का? या कामाला नको. प्रत्येक नॅनोमीटरला वाट्याला येणारी शक्ती थोडी, आणि दृश्य प्रकाश मुबलक.

रुग्णांच्या दृष्टिपटलाची संवेदनशीलता ठिकठिकाणी तपासणं, म्हणजे मायक्रोपेरिमेट्री, एवढाच हेतू असेल तर ट्यूनिंगवर खर्चच करू नका. १०३० ते १०४० नॅनोमीटरचा साधा यिटर्बियम फायबर लेसर पुरतो. एकच तरंगलांबी असल्यामुळे सुरक्षेची मर्यादाही एकदाच बसवावी लागते. धूसर झालेल्या नेत्रभिंगातून अवरक्त प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा कमी विखुरतो, त्यामुळे वयस्कर रुग्णांसाठी हा मार्ग खरोखर आशेचा वाटतो.

टायटॅनियम-सफायर शेजारच्या मायक्रोस्कोपीच्या खोलीत आधीच असेल, तर सुरुवातीचे प्रयोग त्यावर जरूर करा. नव्याने घेणार असाल तर विक्रेत्याकडून प्रत्येक ५० नॅनोमीटरला पल्सची लांबी, सरासरी शक्ती आणि दृश्य पट्ट्यातली गळती, तिन्ही मोजून लेखी मागा.