कॅम्पर ओढायला यूट घ्यावी की सात-सीटर?

मेलबर्नमध्ये मुलं जरा मोठी झाली की मराठी घरांत दोन विषय निघतात. कॅम्पर (गाडीमागे ओढायचं छोटं फिरतं घर) घ्यायचा का, आणि घेतला तर ओढायचा कशाने. पहिल्याचं उत्तर घरातले देऊन मोकळे होतात, दुसऱ्यासाठी फोनाफोनी सुरू होते. मी दोन्ही वापरून झालोय: आधी डबल-कॅब यूट (पुढे सीटच्या दोन ओळी, मागे उघडा हौदा अशी पिकअप), आता सात-सीटर एसयूव्ही. मागे तोच वाइंड-अप, म्हणजे हँडल फिरवून छत वर करायचा कॅम्पर, सामानासकट १,६०० किलोच्या आत. तेव्हा पुढचं सगळं एवढ्या वजनापुरतं आणि चौघांच्या घरापुरतं धरा. मोठी कॅरव्हॅन घेणाऱ्यांचं गणित वेगळं आहे.

इंजिनावर वेळ घालवण्यात अर्थ नाही, कारण या गाड्या बहुतेक एकाच घरातल्या जोड्या आहेत, पहिली यूट आणि दुसरी सात-सीटर: फोर्डच्या रेंजर आणि एव्हरेस्ट, टोयोटाच्या हायलक्स आणि फॉर्च्युनर, इसुझूच्या डी-मॅक्स आणि एमयू-एक्स. शेवटच्या दोघींत तर तेच ३ लिटरचं डिझेल, तेच १४० किलोवॅट आणि ४५० न्यूटन-मीटर, आणि स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर ओढायची मर्यादाही दोघींची ३,५०० किलो. (भारतात या दोघी १.९ लिटरच्या इंजिनावर चालतात, त्यामुळे पुण्यातल्या भावाच्या अनुभवावरून इथलं ठरवू नका.) बॅकस मार्शच्या पुढची पेंटलँड हिल्सची चढण दोन्ही प्रकारच्या गाड्या एखादा गिअर खाली घेऊन निमूट चढतात. ताकदीवरून निवड करायची वेळ या वजनाला येत नाही.

कागदावर यूट जिंकते, हे आधीच मान्य करतो. डबल-कॅब यूटवर साधारण टनभर वजन टाकता येतं, सात-सीटरवर सहाशे-साडेसहाशे किलो. आणि टोबॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर कॅम्पर अडकवतात त्यावर, येणारं कॅम्परचं वजन याच खात्यातून जातं, हे बरेच जण विसरतात. आमचा हिशोब सांगतो. आम्ही चौघं मिळून २७० किलो, टोबॉलवर १५०, टोबार (टोबॉल बसवायचा दांडा) आणि बाकी लोखंड ५०, भरलेला फ्रीज ४५. झाले पाचशे पंधरा. उरलेल्या शंभर किलोंत छत्री-खुर्चीपासून कुकरपर्यंत सगळं. आई-बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले, की मागच्या दोन सीट उघडून त्यांनाही कॅम्परबरोबर नेऊ असं मनात येतं. ते होत नाही. सात सीट आणि कॅम्पर या दोन्ही गोष्टी गाडीत आहेत खऱ्या, पण एकाच दिवशी वापरायला नाहीत. आमच्याकडे अशा वेळी बायको दुसरी गाडी काढते.

जाहिरातीतल्या ३,५०० किलोंचंही तेच. एमयू-एक्सची गाडी आणि ट्रेलर मिळून मर्यादा ५,९०० किलो आहे. त्यातून ३,५०० वजा करा, मग गाडीचं स्वतःचं वजन वजा करा, माणसं आणि सामान मिळून दोन-अडीचशे किलो हाती उरतात. नवरा, बायको आणि दोन पिशव्या.

रस्त्यावर दोघींचा स्वभाव निराळा. डी-मॅक्स ही एमयू-एक्सपेक्षा चाळीसेक सेंटिमीटर लांब. त्यातले २७ सेंटिमीटर पुढच्या-मागच्या चाकांच्या मधले, जे ट्रेलरला सरळ ठेवायला उपयोगी पडतात. बाकीचे मागच्या चाकांच्या मागे, म्हणजे टोबॉल तेवढा मागे आणि कॅम्परला गाडीचं शेपूट ढकलायला तेवढी जास्त तरफ. एक बाजू दुसरीला बरीचशी खाऊन टाकते असं मला वाटतं, पण मी काही मोजलेलं नाही. जाणवतं ते वेगळंच. यूटच्या मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात आणि पाट्यांना वजन लागतं. हौदा रिकामा, फक्त टोबॉलवर भार, अशा वेळी सिमेंटच्या रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर मागून एक उडी, त्याला कॅम्परचं उत्तर, मग गाडीचं प्रत्युत्तर. मागच्या सीटवरची मुलं बॅलरॅटपर्यंत पेंगतात ती थकून, आरामात नव्हे.

एसयूव्ही मऊ चालते, पण मऊपणाची किंमत असते. कॅम्पर जोडला की मागून बसते, नाक वर होतं आणि रात्री समोरचे ट्रकवाले डिपर मारायला लागतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टीअरिंगही सैल लागतं. आम्ही मागे जाड स्प्रिंगा टाकून घेतल्या, तेव्हा हे बरंचसं आटोक्यात आलं. वजनाची मर्यादा मात्र त्याने आपोआप वाढत नाही. यूटवालेही यावर एअरबॅग, म्हणजे पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, टाकतात आणि मग हौदा ठासून भरतात. खडबडीत मातीच्या रस्त्यांवर अशा गाड्यांची चॅसी केबिनच्या मागे वाकल्याचे किस्से इथल्या कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकायला मिळतील.

इथपर्यंत दोघी बरोबरीत, किंवा यूट थोडी पुढे. माझा निर्णय झाला तो टेलगेटवर, म्हणजे गाडीच्या मागच्या दारावर.

यूटचं टेलगेट खाली पडतं. मागे कॅम्पर जोडलेला असला की ते बरोबर जॉकी व्हीलच्या (कॅम्परच्या पुढच्या टोकाला टेकू देणारं छोटं चाक) हँडलवर येऊन टेकतं. जॉकी व्हील काढून ठेवलं तर पुढे ड्रॉबारवरची (कॅम्परचा पुढचा दांडा) गॅसची टाकी. म्हणजे टेलगेट अर्धं उघडतं, आणि फ्रीजची सरकणारी ट्रे बाहेर येत नाही. डोळ्यासमोर आणा: वेस्टर्न हायवेवर बोफर्टला चहाला थांबलोय, धाकटीला भूक लागली आहे, पोळीभाजीचा डबा फ्रीजमध्ये आहे आणि फ्रीज हौद्यात. एक पाय ड्रॉबारच्या पलीकडे टाकून, अर्ध्या उघड्या फटीतून खांद्यापर्यंत हात घालून, न बघता डबा चाचपायचा. परत येताना टोबॉलचं काळं ग्रीस पँटला लागलेलं. ते डाग जात नाहीत.

हे नुसतं गैरसोयीचं असतं तर मी सोसलं असतं. पण जिथे हात पोचत नाही तिथलं सामान माणूस हळूहळू हलवतो. फ्रीज हौद्यातून कॅम्परच्या नाकात गेला, कारण कॅम्परचं पुढचं झाकण सहज उघडतं. टोबॉलवर भार वाढला म्हणून पाण्याचे कॅन मागच्या टोकाला गेले. मुलांच्या सायकली होत्याच मागे. आता दोन टोकांना वजन आणि मधे पोकळ, म्हणजे एकदा डोलायला लागला की थांबायचं नाव न घेणारा ट्रेलर. टोबॉलवर एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार हवा हे सगळ्यांना पाठ असतं. तो भार नीट येऊनही दोन्ही टोकं जड असू शकतात, हे काट्यावर दिसत नाही. जिलाँगच्या पश्चिमेला उघड्या माळावर बाजूचा वारा आणि शेजारून बी-डबल, म्हणजे दोन ट्रेलर जोडलेला ट्रक, एवढं पुरेसं होतं. आधी डाव्या आरशात कॅम्पर जरा जास्त दिसतो, मग उजव्या. पाय अॅक्सिलरेटरवरून उचलायचा, स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं, गाडीचा ब्रेक न दाबता, गाडीत बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरवरून फक्त कॅम्परचा ब्रेक लावायचा. कॅम्पर सरळ होतो. गाडीत नंतर बराच वेळ कोणी बोलत नाही.

एसयूव्हीचं मागचं दार वर उघडतं. खाली ड्रॉबार, जॉकी व्हील, टाकी, काय हवं ते असू दे. पावसात त्याखाली उभं राहून चहा ओतता येतो. आणि मुख्य म्हणजे जड फ्रीज गाडीतच, मागच्या चाकांच्या जवळ राहतो, कॅम्परमध्ये जड सामान फक्त चाकाच्या वर. आमचा कॅम्पर गेल्या काही मोसमांत शहाण्यासारखा वागतोय, त्याचं श्रेय मी निम्मं तरी या दाराला देतो. हे सगळ्याच एसयूव्हींना लागू नाही हेही सांगतो: आधीच्या पिढीच्या १५० प्राडोचं मागचं दार बाजूला उघडतं, त्यालाही जॉकी व्हील आडवं येतं आणि मग नुसती काच उघडून भागवावं लागतं.

यूटवाले म्हणतील, बाजूने उघडणारी कॅनपी (हौद्यावरचा बंद टप) बसव. बरोबर आहे, प्रश्न सुटतो. काही हजार डॉलर जातात आणि हौद्याच्या टनातले बरेच किलोही. तुमच्याकडे आधीच अशी कॅनपी असेल, तर माझा अर्धा लेख तुमच्यासाठी नाही.

एसयूव्हीच्या नावाने खडे फोडायलाही जागा आहेच. ओले बूट, कोळसा, मासळीचा वास, सगळं तुमच्याबरोबर एकाच खोलीत. समुद्रकाठच्या विल्सन्स प्रॉमवरून परतताना आमच्या गाडीला जो वास येतो त्याला यूटमध्ये हौदा होता. रोजच्या शहरी वापरात मात्र बहुमजली पार्किंगमध्ये ते चाळीस सेंटिमीटर कमी असल्याचा आनंद दर आठवड्याला होतो, आणि कॅम्पर वर्षातले बहुतेक दिवस शेडमध्येच उभा असतो.

ब्रेकची बाजू दोघींना सारखीच. इथे ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कायद्यानेच लागतात, आणि दोन टनांच्या वर गेलात तर तुटून सुटल्यावर आपोआप लागणारे ब्रेकही. कॅम्परला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलर चांगला घ्या, आणि त्याचं बटण अंधारातही हाताला सापडेल अशा जागी बसवून घ्या. पूर्ण भरलेली जोडी एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर नेऊन या. घरचा अंदाज नेहमी कमीच असतो.

कॅरव्हॅन दोन-अडीच टनांची असेल, घरात दोन मोटोक्रॉस मोटारसायकली असतील, किंवा कामासाठी हौदा लागतच असेल, तर यूट घ्या, मी आड येणार नाही. बाकी आमच्यासारख्यांनी सात-सीटर बघावी असं मला वाटतं. आणि काहीही घ्या, शोरूममध्ये जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. आपल्या कॅम्परच्या कपलिंगपासून (टोबॉलवर बसणारी वाटी) जॉकी व्हीलच्या हँडलपर्यंतचं अंतर आणि हँडलची उंची घरून लिहून न्या, तिथे टोबॉलपासून तेवढं मोजा आणि मग टेलगेट खाली सोडून बघा. सेल्समन विचित्र नजरेने बघतो, बघू दे.