धातूच्या लेथवर लाकूडकाम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

धातुकामासाठी घेतलेल्या माझ्या लहान बेंच लेथवर (तुकडा फिरवून त्याला हत्याराने आकार देणाऱ्या, टेबलावर ठेवायच्या यंत्रावर) गेले आठ महिने मी जवळजवळ दर आठवड्याला लाकूड कातत आहे. बेडवर, म्हणजे यंत्राच्या लांब पायावर, 180 मिलिमीटर व्यासाचा तुकडा फिरेल, तुकड्याला दोन्ही टोकांना आधार देणाऱ्या दोन सेंटरांमध्ये 350 मिलिमीटर लांबी मावेल आणि गती मिनिटाला 2500 फेऱ्यांपर्यंत नेता येईल, एवढी या यंत्राची क्षमता आहे. या काळात मी पटाश्या आणि कानशी यांच्या चाळीसेक मुठी, बऱ्याच खुंट्या आणि तीन वाडगे केले. मुठींसाठी आणि मापाच्या कामासाठी हे यंत्र मला मनापासून आवडले. वाडग्यांसाठी मी ते कोणाला सुचवणार नाही.

पहिला प्रश्न गतीचा असतो. हायस्पीड स्टीलच्या हत्याराने साधे पोलाद कातताना पृष्ठभागाचा वेग मिनिटाला 30 मीटरच्या आसपास ठेवतात. लाकडाला मात्र त्याच्या कित्येक पट वेग लागतो. 25 मिलिमीटर व्यासाची मूठ 2500 फेऱ्यांवर फिरवली, तर तो वेग 195 मीटरच्या आसपास जातो. एवढ्यावर काम होते, पण बारीक तुकड्यांना आणखी वेग मिळाला असता तर बरे झाले असते, असे नेहमी वाटते. ज्यांच्या लेथची कमाल गती हजार-बाराशे फेऱ्यांवर थांबते, त्यांना बारीक कामात ही उणीव फार जाणवेल.

तुकडा धरण्याच्या बाबतीत मी सुरुवातीलाच एक चूक केली. टेलस्टॉकमधील (तुकड्याचे मोकळे टोक टेकवणाऱ्या भागातील) फिरत्या सेंटरचे टोक 60 अंशांचे असते आणि धातूत आधी भोक पाडलेले असल्याने ते नीट बसते. लाकडात मात्र तेच टोक पाचरीसारखे घुसते. शिसवीच्या एका मुठीला कंप येतो आहे असे वाटून मी टेलस्टॉकचे चाक आणखी थोडे आवळले, तोच टक्कन आवाज झाला आणि टोकापासून मधोमध, रेषांच्या दिशेने, केसाएवढी चीर पडली. तेव्हापासून मी कडेने गोल ओठ असलेले, वाटीसारखे सेंटर वापरतो. दुसऱ्या बाजूला तीन जबड्यांचा चक, म्हणजे तुकडा पकडून फिरवणारा भाग, लाकूड चेपतो आणि त्याचे वळ उमटतात, म्हणून धरायचा भाग नेहमी दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवून शेवटी कापून टाकावा लागतो. या चकचे बाहेर आलेले जबडे पूर्ण गतीत दिसतच नाहीत. हातातले हत्यार टेकवून काम करताना बोटे त्यांच्या फार जवळ जातात. त्यामुळे मोटर सुरू करण्याआधी चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहणे आणि हातमोजे कधीही न घालणे, हे दोन नियम मी एकदाही मोडलेले नाहीत.

हत्याराचा टेकू मला स्वतः करावा लागला. हत्यार तिरपे सरकवणारी कंपाऊंड स्लाइड काढून तिच्या जागी एक जाड पट्टी आणि तिच्यावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा टेकू बसवला. तो बेडला आडव्या सरकणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या चाकाने पुढे-मागे सरकतो, ही सोय लाकडाच्या लेथवरही सहसा नसते. मात्र कॅरेजची, म्हणजे या स्लाइडांना बेडवरून नेणाऱ्या भागाची, चाके नेमकी पोटाशी येतात, शरीर हवे तसे झुकवता येत नाही आणि गोलाईदार वळण घेताना हाताचा ओघ मध्येच तुटतो.

या लेथचा खरा फायदा हत्यार टूलपोस्टमध्ये (हत्यार पक्के धरणाऱ्या खांबात) आवळल्यावर कळतो. मुठीवर पितळी कडे बसवायचे असेल, तर त्याच्या आतील व्यासापेक्षा 0.1 मिलिमीटर जाड असा टप्पा डायल पाहून कातता येतो आणि कडे हलक्या ठोक्याने घट्ट बसते. एकाच मापाच्या बारा खुंट्या मी अशाच केल्या आणि त्यांतली कोणतीही कोणत्याही भोकात बसली. यासाठी हत्याराच्या वरच्या पृष्ठाला सुमारे 30 अंशांचा उतार देऊन धार वस्तऱ्यासारखी ठेवावी लागते. पोलादासाठी लावलेली धार लाकूड कापत नाही, ओरबाडते. सागात सिलिका असल्याने ही धार लवकर बोथट होते. इतके करूनही टूलपोस्टमधून निघालेला पृष्ठभाग थोडा केसाळ राहतो आणि मला 120 नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करावी लागते. तिरप्या धारेच्या स्क्यू पटाशीची पाठ लाकडावर टेकवून हाताने कातले, तर थेट 240 नंबर पुरतो. शिवाय याहून सूक्ष्म मापाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण हवेतला ओलावा बदलला की लाकूड सगळ्या दिशांनी सारखे फुगत किंवा आटत नाही आणि अचूक गोल कातलेला टप्पा किंचित लंबगोल होतो.

सर्वांत जास्त काळजी भुशाची घ्यावी लागते. ओल्या बाभळीचे ढलपे एकदा मी रात्रभर बेडवर तसेच राहू दिले. सकाळी ते उचलले तेव्हा घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर प्रत्येक ढलप्याच्या वळणाचा निळसर काळा ठसा उमटलेला होता, आणि काही ठिकाणी त्याच्या कडेने तांबूस गंज धरू लागला होता. लाकडातील टॅनिन आणि ओलावा यांनी एका रात्रीत एवढे केले. कोरडा भुसाही निरुपद्रवी नसतो. तो तेल शोषून घेतो आणि तेलाशी मिळून लीडस्क्रू (कॅरेज आपोआप सरकवणारा आट्यांचा लांब दांडा) व गियर यांच्यात चिकट लगदा होऊन बसतो. पॉलिश पेपरचे गळणारे कण तर बेड आणि कॅरेज यांच्यामध्ये शिरून दोन्ही घासत राहतात.

म्हणून लाकडाच्या दिवशी मी बेडवरचे तेल पुसून पातळ मेण लावतो, लीडस्क्रू फिरू नये यासाठी त्याला गती जोडणाऱ्या टंबलर गियरची मूठ मधल्या खाचेत ठेवतो आणि पॉलिश पेपर हातात घेण्याआधी पातळ प्लायवूडचा तक्ता चुंबकांनी बेडवर बसवतो. कागद किंवा कापड अंथरणे मी टाळतो, कारण ते चकमध्ये गुंडाळले जाऊ शकते. तुकड्यामागे व्हॅक्यूमचे तोंड पक्के बांधलेले असते, आणि बारीक भुकटी तरीही उडतेच, त्यामुळे मास्क लावतो. मोटरच्या पंख्याने आत ओढलेला भुसा महिन्यातून एकदा काढावा लागतो. तासभर कातकाम केले की वीस मिनिटे सफाईला जातात. त्यानंतर बेडला पुन्हा तेल लावल्याशिवाय मी त्या यंत्रावर पोलाद चढवत नाही.

वाडग्यांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. कॅरेजवरून फिरू शकणारा व्यास 110 मिलिमीटरच्या आसपास असल्याने मोठा तुकडा चढवला की टेकू योग्य जागी आणताच येत नाही, आणि तिसऱ्या वाडग्यानंतर मी तो नाद सोडला. मुठी मात्र अजूनही याच लेथवर होतात; सध्या सहा कानशींसाठी शिसवीचे तुकडे कापून सुकत ठेवले आहेत.