फोमचे इअरप्लग : हॉस्टेलमध्ये झोप न लागणाऱ्या फर्स्ट इयरवाल्यांसाठी रिव्ह्यू

हॉस्टेलला जाताना सगळे सांगतात कुलूप घे, हँगर घे, एक्स्टेन्शन बोर्ड घे, पण इअरप्लग घे असं मला एकानेही सांगितलं नाही, म्हणून हे लिहितेय. साधे फोमचे, दाबले की चपटे होणारे आणि कानात गेले की फुगणारे. कुठल्याही कंपनीचे चालतात, मी तीन वेगवेगळे वापरले, फार काही फरक नाही.

आधी परिस्थिती सांगते. घरी माझी वेगळी खोली होती, इथे आम्ही तिघी. एक रात्री दोनपर्यंत जागी, लॅपटॉप बडवत नाहीतर फोनवर कुजबुजत (मोठ्याने बोललेलं परवडलं पण कुजबुज नको, आपण नको असताना शब्द पकडत बसतो). दुसरीचा अलार्म पाचला सुरू होतो आणि ती उठते साडेसहाला, मधे दर दहा मिनिटांनी स्नूझ. म्हणजे दोन ते पाच एवढीच शांतता, आणि तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये कोणीतरी दार आपटणारच.

पहिला महिना असा गेला आणि मला वाटायला लागलं की आपल्याला हे कॉलेज झेपणारच नाही. लेक्चरला बसायचे तर समोरचे लिहितायत आणि माझ्या डोक्यात काहीच शिरत नाहीये, बारावीपर्यंत बऱ्यापैकी हुशार म्हणून मिरवलेलं, आणि इथे प्रॅक्टिकलमध्ये साध्या इन्स्ट्रक्शन तीनदा वाचाव्या लागत होत्या. संध्याकाळी विनाकारण रडू. आईला वाटलं घरची आठवण येतेय, मलाही तेच वाटलं, आणि असेलही थोडं. पण बाकीचं निव्वळ जागरण होतं हे चार रात्री सलग झोपल्यावर कळलं. अठरा ते पंचवीस वयात ७ ते ९ तास झोप लागते म्हणतात, मला मिळत होती जेमतेम चार आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. त्यात या वयात शरीराचं घड्याळच जरा उशिरावर सरकलेलं असतं, त्यामुळे 'लवकर झोप ना मग' हा सल्ला देणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आता प्रॉडक्टबद्दल. त्याआधी मी कापसाचे बोळे घालून पाहिले, काही उपयोग नाही, आवाज आरामात आत येतो. मग हे घेतले आणि पहिल्या रात्री वाटलं फसवलं आपल्याला, कारण मी ते नुसते बाटलीच्या बुचासारखे दाबून घातले होते. तसं नाही करायचं. बोटात वळून वळून एकदम बारीक वात करायची, मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन कान वर आणि मागे ओढायचा (आरशात माकड दिसतं, दिसू दे), म्हणजे आतली वाट सरळ होते, मग वात आत सारायची आणि वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायची, फुगेपर्यंत. नीट बसला की बाहेरचा आवाज उशीखाली गेल्यासारखा होतो. नव्वद टक्के तक्रारी या घालण्याच्याच असणार असं माझं मत आहे, मोजायला गेलेले नाही.

पाकिटावर आवाज किती कमी होतो याचा ३३ डेसिबल (आवाज मोजायचं एकक) वगैरे आकडा असतो त्यावर फार जाऊ नका. तो लॅबमधला. अमेरिकेत कारखान्यांसाठी जो हिशोब वापरतात त्यात त्या आकड्यातून ७ वजा करून उरलेल्याचे अर्धे धरतात, म्हणजे ३३ चे १३. ऐकायला कमी वाटतं, पण १० डेसिबल कमी झाले की आपल्याला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो, त्यामुळे कुजबुज आणि कीबोर्ड जवळजवळ गायब. दार आपटलेलं मात्र कळतं, आणि भिंतीपलीकडच्या स्पीकरची धडधडही येते, जाड आवाज फोमला तितकासा अडत नाही.

वैताग पण आहेत. पहिलं म्हणजे स्वतःचा श्वास, गिळल्याचा आवाज सगळं डोक्याच्या आत घुमतं, सुरुवातीला विहिरीत बसल्यासारखं वाटतं, तिसऱ्या-चौथ्या रात्री सवय होते. दुसरं, स्वतःचाच अलार्म ऐकू येत नाही. इंटर्नलच्या दिवशी मी दहा मिनिटं उशिरा पोचलेय, तेव्हापासून फोन व्हायब्रेटवर उशीखाली. तिसरं, हे धुऊन वर्षभर चालवायची वस्तू नाही, मळले किंवा फुगायचे थांबले की फेका, नाहीतर कानाला खाज आणि मळ आत ढकलला जातो. काढताना खसकन ओढू नका, हळू पिळत काढा, पडद्यावर ताण येतो. आणि कान दुखत असेल, वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर हे घालूच नका, आधी डॉक्टरला दाखवा.

चौथा वैताग माझ्यामुळे झालेला, पण लिहितेच. झोप जमल्यावर मी ते दिवसाही घालायला लागले. अभ्यास करतेय हे निमित्त, खरं तर खोलीत कोणाशी बोलायला लागू नये म्हणून. दोघी काहीतरी विचारायच्या, मी कानाकडे बोट दाखवायचे. महिन्याभराने लक्षात आलं की त्या दोघींच्या गप्पांत सगळे संदर्भ असे आहेत की मला एकही माहीत नाही, कोण कोणावर चिडलंय, कुठल्या सरांचे नोट्स चालतात, सबमिशनची तारीख पुढे गेली, सगळं त्या खोलीतच बोललं जात होतं आणि मी बूच लावून बसले होते. आता नियम केलाय, लाइट बंद झाल्यावरच. अलार्मवालीशी मी शेवटी बोलले पण, सहा आठवड्यांनी. ती म्हणाली अगं आधी सांगायचं ना, मला वाटलं तू गाढ झोपतेस. आता दोनच स्नूझ.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो कुशीवर झोपणाऱ्यांसाठी, उशीचा दाब आला की कान ठणकतो. त्यांनी लांबडे घेऊ नका, कानाबाहेर न येणारे आखूड मिळतात ते बघा. एकदम मोठा बॉक्सही घेऊ नका, कानाची भोकं लहान-मोठी असतात, आधी दोन साइज ट्राय करा. माझा डावा कान छोटा निघाला, हे अठरा वर्षांत माहीतच नव्हतं.