स्टोरीवीव्हर: विड्यांच्या सुपाशेजारी वाचलेल्या गोष्टी

प्रौढ साक्षरतेचा वर्ग घेणाऱ्या कुणालाही मी सांगेन की मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ एकदा वापरून बघा. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशा वस्तीत वर्ग असेल तर नक्कीच बघा. ते मुलांसाठी काढलेलं आहे. तरीही प्रवेशिका, म्हणजे अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक, संपल्यावर आमच्या बायकांच्या हातात द्यायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

वर्ग कुठला ते आधी सांगते. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे, विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची. २००६ साली घरांच्या चाव्या मिळाल्या. गोदूताईंनी स्वतः १९३०च्या दशकात प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत काम केलं होतं. वर्गात नवीन बाई आली की मी तिला हे आवर्जून सांगते, कारण वस्तीचं नाव रोज तोंडी असतं, पण ती बाई कोण होती ते फारसं कुणी सांगत नाही. मी पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या घरातली. घरी तीच भाषा बोलत मोठी झाले आणि नोकरी मराठी शाळेत केली. निवृत्तीनंतर दुपारी इथे शिकवायला येते.

आमच्याकडच्या बऱ्याच बायकांनी केंद्राच्या ‘उल्लास’ कार्यक्रमात नाव घातलं. १५ वर्षांवरच्या असाक्षरांसाठीचा हा कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे आणि शिकवणारे स्वयंसेवक असतात. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान मिळून १५० गुणांची चाचणी असते. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ रोजी झाली. चाचणीचं मला मनापासून कौतुक आहे. पन्नाशीची बाई शाळेच्या बाकावर बसून पेपर लिहिते, तेव्हा घरातल्यांची तिच्याकडे बघायची नजर बदलते. पण खरी अडचण त्यानंतर सुरू होते. प्रमाणपत्र येतं आणि वाचायला काहीच उरत नाही. वर्तमानपत्राची अक्षरं बारीक, वाक्यं लांबलचक. दोन महिने काही वाचलं नाही की जोडाक्षरं पुन्हा परकी होतात. मी ते बघितलं आहे आणि फार वाईट वाटतं.

स्टोरीवीव्हर ८ सप्टेंबर २०१५ला, म्हणजे साक्षरता दिनालाच, सुरू झालं. सगळ्या गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापता येतात आणि वाटताही येतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, कारण गोष्टी खुल्या परवान्याखाली आहेत. फक्त लेखक, चित्रकार आणि भाषांतरकार यांची नावं आणि परवान्याचा उल्लेख तसाच ठेवायचा. पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीला एका पानावर एखाद-दुसरं वाक्य आणि बाकी चित्र असतं. चौथीच्या गोष्टी चांगल्या वाचणाऱ्यालाच जमतात.

आमच्या कामाला सगळ्यात जास्त आली ती वेगळीच सोय. एकच गोष्ट, तीच चित्रं, पण मराठीतही आहे आणि तेलुगूतही. श्रीनिवास नावाचा लांब केसांचा शेतकरी केस कापायला निघतो, अशी रोहिणी निलेकणींची एक गोष्ट आहे. न्हावी म्हणतो वेळ नाही, बायको म्हणते वेळ नाही, शिंपीही तेच म्हणतो. शेवटी वाघाच्या गुहेपाशी पोचल्यावर त्याच्या केसांचा प्रश्न सुटतो. ही गोष्ट मी आधी तेलुगूत वाचून दाखवली. एक अक्का हसत म्हणाली, “टीचर, वेळ नाही म्हणणारं माणूस बघायला गोष्टीत कशाला जायचं?” मग तीच गोष्ट मराठीत हातात दिली. प्रसंग आधीच डोक्यात असतो, त्यामुळे डोळे अर्थ शोधत अडखळत नाहीत. सगळं लक्ष अक्षरांवर राहतं. आणि ‘वेळ नाही’ हे दर दोन पानांनी येत असल्यामुळे तिसऱ्यांदा कुणी अक्षर लावत बसत नाही, पूर्ण शब्द एकदम ओळखला जातो. वाचनाचा सराव होतो तो अशाच पुनरावृत्तीनं. मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं. मोठ्यांनाही हे तेवढंच लागू पडतं.

तेलुगू बोलणाऱ्या बाईला मराठीत तो, ती, ते फार छळतात. नियम सांगून ते बसत नाही. गोष्टीतला वाघ ‘आला’ आणि शेळी ‘आली’ हे वीस वेळा कानावरून आणि डोळ्यांवरून गेलं की आपोआप बसतं.

आमची वर्गाची रीतही सांगते, कारण विडीच्या घरात हात रिकामे नसतात. मजुरी हजार विड्यांवर, म्हणजे तास मोडला की पैसे मोडले. म्हणून सगळ्याजणी सूप मांडीवर घेऊनच बसतात. एक बाई सूप बाजूला ठेवून पुस्तक वाचते, बाकीच्या विड्या वळत ऐकतात. तिचं पुस्तक संपेपर्यंत तिच्या वाटणीच्या थोड्या विड्या शेजारच्या दोघी वळून तिच्या सुपात टाकतात. ही पद्धत मी सांगितलेली नाही, त्यांनीच बसवली.

शाळा सुटली की मुलं येतात. मराठी शाळेत दुसरी-तिसरीत असलेलं पोर आईच्या हातातलं पुस्तक ओढतं. तिथून पुढे दोघं मिळून वाचतात. मुलगा पटपट वाचतो, पण मराठीतला एखादा शब्द त्याला कळत नाही. आईला अक्षर लावायला वेळ लागतो, पण चित्र बघून ती तेलुगूत अर्थ सांगते. कोण कुणाला शिकवतंय ते ठरवायची गरजच पडत नाही. पुस्तक घरी गेलं की सासूही ऐकते. कौटुंबिक साक्षरतेवर मोठमोठी भाषणं मी ऐकली आहेत. माझ्या मते तिचं मोजमाप एकच: रात्री त्या घरात कुणी कुणाला वाचून दाखवतं का?

आता निवडीबद्दल. इथे कुणालाही भाषांतर करता येतं. म्हणून प्रत्येक गोष्ट वर्गात नेण्याआधी स्वतः मोठ्यानं वाचून बघावी. वाक्य जिभेवर रुळलं तरच घ्यावं. पातळीचा आकडा मुलांना धरून ठरवलेला असतो. मोठ्या बाईला जगाची माहिती असते, त्यामुळे दुसऱ्या पातळीची गोष्ट तिला लवकर झेपते. अडते ती लांब परक्या नावांपाशी. बाजार, बस, शेळी, पाऊस, नवऱ्याशी भांडण यांवरच्या गोष्टी चालतात. बाहुल्यांच्या आणि परीच्या चालत नाहीत. बायका तोंडानं काही बोलत नाहीत, पण पुस्तक परत ठेवून देतात.

हिशेबाला मात्र या गोष्टींचा उपयोग नाही, आणि आमच्याकडे शिकायला येण्याचं पहिलं कारण हिशेबच असतं. तेंदूचं पान किती दिलं, तंबाखू किती, विड्या किती भरल्या म्हणजे कारखान्यात जमा केल्या, छाट म्हणजे नापास विड्या किती काढल्या, हे सगळं कारखान्याच्या पासबुकात लिहिलेलं असतं. ते स्वतः वाचता आलं पाहिजे म्हणून बाई येते. त्यासाठी मी जुन्या पासबुकाचं पान फळ्यावर काढते. आठवड्यातले दोन दिवस त्यालाच, गोष्टींना बाकीचे. अंकांसाठी आलेली बाई गोष्टींमुळे टिकते, हा माझा अनुभव आहे.

छपाईचं सांगते, कारण मोबाइलवर वाचायला लावू नये असं माझं ठाम मत आहे. घरातला फोन बहुधा मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो. पीडीएफ उतरवून झेरॉक्सच्या दुकानात काळं-पांढरं छापून घ्या. एका ए-फोर कागदावर पुस्तकाचं एकच पान. दोन पानं बसवलीत तर पैसे वाचतील, पण अक्षर चाळिशीतल्या डोळ्यांना दिसणार नाही. त्याआधी चष्म्याचं बघा. वयामुळे जवळचं दिसेनासं झालेल्या बाईला “तुझ्या डोक्यात शिरत नाही” असं सांगितलेलं असतं. तिला जवळचं बघायचा साधा चष्मा द्या आणि तेच पान पुन्हा पुढे ठेवा. आमच्याकडे नवीन बाईची नावनोंदणी डोळे तपासून झाल्यावरच होते.

स्टोरीवीव्हरवर आपली गोष्टही लिहून चढवता येते. सध्या त्याच कामात आहोत. पानाचा गठ्ठा भिजवण्यापासून विड्या कारखान्यात भरण्यापर्यंतचा एक दिवस बायका तेलुगूत सांगतात, मी लिहून घेते, मराठी त्याच करतात. पहिल्या पानावरच्या वाक्यावरून अजून दोघींचं एकमत व्हायचं आहे.